दोन बोटांची साक्ष

गाडी चालू ठेवायची, चारही चाकं जमिनीवर, दार उघडं. मग बोटमास्तर आत बसायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं स्टिअरिंगच्या कडेला लावून ते सावकाश पार डावीकडे न्यायचे, तिथून पार उजवीकडे, आणि परत मधोमध. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी ब्र काढायचा नाही. पान्हा खाली ठेवायचा तोही फडक्यावर. फेरी पुरी झाली की ते डोळे उघडून एवढंच म्हणायचे, "जाऊ द्या." नाहीतर काहीच म्हणायचे नाहीत, आणि ते काही न म्हणणं म्हणजे गाडी पुन्हा जॅकवर.

अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. जुन्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगचं दुखणं ओळखावं तर बोटमास्तरांनीच, हे दुसरे मेकॅनिकही कबूल करत. पंप दमलाय की पट्टा सैल आहे, तेलात हवा शिरलीय की आतलं सील गेलंय, हे ते बॉनेट उघडायच्या आधी सांगत. एका गिऱ्हाइकानं एकदा विचारलं होतं, "मास्तर, तपासायचं मशीन का घेत नाही?" तेव्हा म्हणाले, "मशीन रोज पुसावं लागतं. बोटं आंघोळीत आपोआप धुतली जातात."

गॅरेज त्यांचं आणि त्यांच्या लेकीचं. लेक चौतिशीची, पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबलेली. इंजिन उतरवणं, पंप खोलणं, दाबाचा गेज लावून आकडे घेणं, सगळं ती एकटी करायची. पण स्टिअरिंगची ती शेवटची फेरी मात्र तिनं कधी घेतली नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही. कर्त्या माणसाच्या खुर्चीवर घरातलं दुसरं कुणी बसत नाही, तेवढंच. खुर्ची रिकामी असली तरी नाही.

आता जे कुणाला ठाऊक नव्हतं ते असं. मागच्या थंडीत मास्तरांच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आधी करंगळी सोडून सगळ्या बोटांची टोकं बधिर, मग मनगटात कळ. पेला हातातून सटकला तेव्हा त्यांनी पेल्यालाच दोष दिला. पण लागोपाठ तीन गाड्या त्यांना जड लागल्या, तिन्हींचे पंप बदलायला लावले, आणि बदलल्यावरही त्या जडच लागल्या. तिसऱ्या गाडीत ते बराच वेळ बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी देवाजवळ मागणं मागितलं. मागण्याची त्यांना सवय नव्हती. हात जोडायचे ते आभार मानायला, एवढाच त्यांचा नेम. पण त्या दिवशी म्हणाले, "डोळे ने, कान ने, दात तर नेलेच आहेस. ही दोन बोटं तेवढी राहू दे. यांच्याशिवाय मी कोण?"

आणि देवानं ऐकलं. पुढच्या आठवड्यापासून गाड्या हलक्या लागू लागल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. मुंग्या तशाच होत्या, पण स्टिअरिंग कसं पाण्यावरून फिरावं तसं फिरे. मास्तरांनी मनात म्हटलं, शरीर थकलं तरी कसब शाबूत ठेवलंस, तुझी लीला अगाध आहे. आठ महिने ते रोज सकाळी शटर वर करण्याआधी दोन्ही हात जोडून, त्या दोन बोटांसाठी वेगळे असे आभार मानत होते.

अशात एका दुपारी सुईणबाई आपली हिरवी गाडी घेऊन आल्या. गाडी बावीस वर्षांची. बाई टेकडीवरच्या वस्त्यांमधून बाळंतपणं करत हिंडायच्या, आणि गाडीला म्हातारी म्हणायच्या.

"मास्तर, म्हातारी हट्टाला पेटलीय," त्या म्हणाल्या. "वळताना रडते. आणि एकदा वळली की सरळ होत नाही. मला ओढून सरळ करावी लागते."

"बाई, या वयात कोण सरळ होतं?" मास्तर हसले. "तुम्ही बसा, आम्ही बघतो."

लेकीनं बॉनेट उघडलं. पट्टा सैल होता, तो ताणला. तेल काळंकुट्ट होतं, ते काढून नवं भरलं. गेज लावला आणि म्हणाली, "बाबा, पंप ठणठणीत आहे." मग ती गाडी मागच्या अंगाला घेऊन गेली, धुवायला म्हणून. मागून हवेच्या पंपाची घरघर ऐकू आली. धूळ उडवत असेल, मास्तरांना वाटलं. हल्ली ती प्रत्येक गाडी त्यांच्याकडे देण्याआधी स्वच्छ करून आणायची, आणि त्यांना त्याचं कौतुक होतं.

मास्तर आत बसले. डोळे मिटले. स्टिअरिंग डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, मध्ये आलं. हलकं. त्यांनी डोळे उघडले. "जाऊ द्या."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. वरच्या वस्तीत एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या होत्या. बाईंनी पिशवी सीटवर टाकली, मास्तर उतरताच बाई त्यांच्या जागी बसल्या, आणि गाडी हलवलीही. लेक मागून धावत आली, हात पुसत. "बाई, थांबा, हवा राहिलीय, एक मिनिट..."

"तिकडे कळा सुरू झाल्यात आणि तू हवेचं काय घेऊन बसलीस?" मास्तर ओरडले. "जाऊ दे त्यांना."

गाडी गेली. लेक रस्त्यातच उभी राहिली, हातातलं फडकं तसंच. मास्तर आत येऊन हात धुऊ लागले तरी ती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी गाडी परत आली. इतकी हळू आली की मागच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवून वाजवून तिला मागे टाकलं. सुईणबाई उतरल्या. रात्रभराचं जागरण डोळ्यांत होतं, पण आवाज शांत होता, आणि तो शांतपणाच मास्तरांना बरा वाटला नाही.

"मुलगी झाली," बाई म्हणाल्या. "दोघी सुखरूप आहेत. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला तुमच्यात बळ राहील. बाळ आडवं होतं, म्हणून पोरीला गाडीत घालून खाली हॉस्पिटलात आणत होते. उतारावरच्या दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग वळवलं, आणि ते वळलेलंच राहिलं. मी ओढतेय, ते येत नाही. समोर दगडी भिंत. ब्रेकवर उभी राहिले. भिंत आणि गाडी यांच्यात माझी पिशवी मावली नसती. मागे ती पोर कळा देतेय. मला विचारते, काय झालं बाई? मी म्हटलं, काही नाही गं, कुत्रं आडवं आलं. मग म्हातारीला मागे घेऊन, ओढत ओढत हॉस्पिटल गाठलं."

त्यांनी स्वतःच्या तोंडानं 'जाऊ द्या' म्हटलेली गाडी होती ती. सवयीनं ते गाडीभोवती फिरले आणि पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. फरशीवरच्या धुळीत टायरचा माग उमटला होता, नेहमीच्या निम्म्या रुंदीचा. टायर टम्म फुगून नुसत्या मधल्या पट्टीवर उभं होतं. त्यांनी हवेचा गेज लावला. या गाडीला तीस हवा लागते. काटा शेहेचाळीसवर गेला. दुसरं चाक, शेहेचाळीस.

"बाई, हवा कुठे भरली?"

"मी? कुठेच नाही. वाटेत कुठल्या पंपावर थांबलेच नाही. तुमच्या लेकीचे फोन दिसले नंतर, सात होते. पण माझे दोन्ही हात कामात होते."

मास्तरांनी वर पाहिलं. लेक हत्यारांच्या फळीपाशी उभी होती, चेहरा पांढराफटक. मास्तर उठले, बाईंना म्हणाले, "गाडी ठेवून जा. उद्या संध्याकाळी या. तोवर ही इथून हलणार नाही." बाई गेल्या. पायी.

त्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"आठ महिने."

"काय करत होतीस नेमकं?"

"तुमच्या फेरीआधी मागे नेऊन पुढच्या चाकांत हवा वाढवायची. टायर कडक झालं की स्टिअरिंग हलकं फिरतं. तुम्ही 'जाऊ द्या' म्हणालात की पुन्हा मागे नेऊन हवा बरोबर करायची. काल तेवढाच वेळ मिळाला नाही." ती एका दमात बोलली, पाठ केल्यासारखी. किती दिवस मनात पाठ करत असेल देव जाणे.

"म्हणजे मला फसवलंस. माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या तोंडावर."

"हो."

"का?"

"तुम्ही तीन चांगले पंप काढायला लावलेत बाबा! मी तिन्ही पुन्हा तपासले, एकातही काही नव्हतं. मग काय करायचं होतं मी? चौथाही काढायचा?"

"सांगायचं होतंस!"

"कसं?" आता तिचा आवाज चढला. "कसं सांगायचं, ते तुम्हीच सांगा. 'बाबा, बोटं गेली तुमची, उद्यापासून तुम्ही चहा करा'? तुम्ही त्या तिसऱ्या गाडीत बसला होतात ना, मी खिडकीतून बघत होते. माझ्यानं तेव्हा बोलवलं नाही."

मास्तर बाहेर आले. दारात गॅरेजची स्वतःची जुनी व्हॅन उभी होती. तिची हवा त्यांनी स्वतः मोजली, बरोबर होती. इंजिन सुरू केलं, आत बसले, डोळे मिटले आणि दोन बोटं लावली. स्टिअरिंग हललं नाही. तिसरं बोट लावलं, मग अंगठा, मग अख्खा पंजा आणि वर खांद्याचा जोर. तेव्हा कुठे ते कुरकुरत फिरलं.

"बस," त्यांनी लेकीला सांगितलं.

"बाबा, नको."

"बस म्हणतो ना."

ती बसली. तिनं दोन बोटं लावली आणि स्टिअरिंग पार डावीकडे गेलं, पार उजवीकडे, मध्ये. मास्तर उघड्या दारातून बघत होते. इतकी वर्षं ते डोळे मिटून फिरवत आले होते, त्यामुळे हे बाहेरून कसं दिसतं ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी रोज सकाळी देवाचे आभार मानत होतो," ते म्हणाले. "आठ महिने. आणि तू मागे हवा भरत होतीस."

लेकीनं इंजिन बंद केलं आणि ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. मास्तरांनी तिला रडू दिलं. तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी उजवा हात उचलला, मग खाली घेतला आणि डावा ठेवला.

दुपारी जेवायला घरी गेले. घर गॅरेजच्या मागेच होतं. ताटावर बसण्याआधी त्यांनी मळका सदरा काढायला घेतला, तर बायको नेहमीसारखी पुढे आली आणि बटणं काढू लागली. वरचं, मग त्याखालचं. मास्तर तिच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांची नजर मांडणीवर गेली. साखरेच्या बरणीचं झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं, फिरवून बसवलेलं नव्हतं. शेजारच्या बरणीचंही तसंच.

"तूसुद्धा?" ते म्हणाले.

"मीसुद्धा काय?"

"बटणं. झाकणं. केव्हापासून?"

बायकोनं तिसरं बटण काढलं. "नवऱ्याचं बटण काढलं तर ते काय पाप झालं? लग्न झालं तेव्हा तर लाजून पळायचात."

"चेष्टा नको करूस. सगळ्या घरानं मिळून मला गाडी समजून ढकलत नेलं, आणि मी म्हणतोय मीच चालवतोय. देवालासुद्धा म्हणालो, तू ऐकलंस. लाज वाटते मला आता. कुणाचे आभार मानले मी?"

बायको फार बोलणारी बाई नव्हती, पण कीर्तन ऐकायला बसली की जागची हलायची नाही, आणि त्यातलं काही ना काही तिच्यात मुरलेलं असायचं. "ज्यानं तुम्हाला अशी लेक दिली त्याचे मानलेत," ती म्हणाली. "पत्ता बरोबर होता. कारण चुकीचं होतं, एवढंच. जेवा आता."

मास्तर जेवले. डाव्या हातानं पाणी प्यायले. मग पुन्हा गॅरेजमध्ये आले. हिरवी गाडी तशीच होती, आणि लेक तिच्या चाकांतली हवा सोडून बसली होती. काटा तीसवर होता.

"हवा जास्त होती म्हणून भिंतीपर्यंत गेली का?" तिनं खालच्या मानेनं विचारलं.

"हवेनं भर घातली. रबर जमिनीला जेवढं टेकतं, तेवढंच ते वळणानंतर चाकाला सरळ ओढतं. तू टेकूच दिलं नाहीस." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही आणि गोड करूनही म्हटलं नाही. "पण नुसत्या हवेनं स्टिअरिंग अडकून राहत नाही. बाई पहिल्या दिवशी काय म्हणाल्या होत्या? 'वळली की सरळ होत नाही.' रोगी आपल्या तोंडानं रोग सांगत होता आणि मी विनोद करत होतो. आत काहीतरी धरतंय. माझ्या बोटांना ते कळायला हवं होतं, कळलं नाही. आत बस."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथे? गाडी सुरू कर. डोळे मीट."

लेक बसली. तिनं हात फडक्याला दोनदा पुसले, मग दोन बोटं लावली. मास्तर खिडकीशी स्टूल घेऊन बसले. बोटांचा उपयोग नव्हता, पण कान होते. पंपाचा आवाज एकसारखा होता, कुठे चढत नव्हता, कुठे कण्हत नव्हता.

"काय लागतं?"

"जड नाही फारसं."

"जड-हलकं विचारलं नाही मी. तेवढं कुणीही सांगेल. घड्याळ समज. बारापासून निघ. काटा जिथे कचरेल तो आकडा सांग."

स्टिअरिंग हळूहळू सरकलं. लेकीच्या कपाळाला आठी पडली. "काही नाही... काही नाही... दोन वाजता जरा घट्ट. चारला सुटलं. पाच, सहा, काही नाही..." तिनं श्वास धरला. "आठ. आठला पुन्हा धरलं. दहाला सुटलं."

"पुन्हा. उलट्या बाजूनं."

"दहाला धरलं. आठला सुटलं. आता चारला. दोनला सुटलं." तिनं डोळे उघडले. "बाबा, एका फेऱ्यात दोनदा. दर वेळी त्याच जागी. हे आधीपासून होतं?"

"बाई आल्या तेव्हापासून. आता तू सांग. पंप असता तर?"

"पंप असता तर सगळीकडे सारखंच जड."

"चाकं वळवणारा रॅक घासत असता तर?"

"तर एकाच जागी. पुढे गेलं की सुटलं, मग पुन्हा नाही."

"मग फेऱ्यात दोनदा धरतं, दोनदा सोडतं, असं काय आहे स्टिअरिंगपासून खालपर्यंत?"

लेक उत्तर न देताच खाली उतरली, टॉर्च घेऊन पायांच्या जागी डोकं घालून आडवी झाली. स्टिअरिंगचा दांडा खाली जाताना जिथे वाकतो, तिथे अधिकच्या खुणेसारखा, मुठीत मावेल एवढा सांधा असतो. गॅरेजमध्ये त्याला क्रॉस म्हणतात. काचेखालून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं त्याच्यावरच टपकलं होतं. लेकीनं बोट फिरवून बाहेर काढलं. बोटाला विटकरी रंगाची भुकटी.

"कोरडा ठाक आहे," ती आतूनच म्हणाली. "चारातली एक बाजू गंजून घट्ट बसलीय."

मास्तर स्टुलावर मागे रेलले. अडतीस वर्षांत अशा गंजलेल्या क्रॉसवर त्यांची बोटं शेकडो वेळा अडखळली होती, आणि दर वेळी ते क्षणात बोलले होते. काल मात्र बोटं या दोन अडथळ्यांवरून अशी गेली, जशी आंधळ्याची काठी खड्ड्यावरून जाते. आणि त्या खड्ड्यात एक पहिलटकरीण होती, आणि तिची लेक, जिला अजून कुणी हाकही मारलेली नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलले. काय म्हणाले ते लेकीला ऐकू आलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

नवा क्रॉस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. लेकीनं बसवला, पाणी झिरपायची वाट बुजवली, चारही चाकांत हवा मोजून भरली. मग दोघं गाडी घेऊन टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेली. लेक चालवत होती, मास्तर शेजारी. पहिल्या वळणानंतर तिनं तळवे सैल सोडले आणि स्टिअरिंग तिच्या हातांखालून सरकत आपसूक सरळ झालं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं, "समोर बघ."

परत आल्यावर, गाडी दारात लावता लावता, ती म्हणाली, "बाबा, बाईंशी मी बोलते. हवा मी भरली होती. माझ्या हातून काढायची राहिली. तेवढंच सांगू. ते खोटं नाही."

"आणि क्रॉस?"

"तो आधी दिसला नाही म्हणायचं. होतं तसं कधीकधी."

मास्तरांना कळलं की ही पोर अजूनही हवाच भरतेय. आणि त्यांना हेही कळलं, खोटं कशाला बोला, की क्षणभर त्यांना ते हवंसं वाटलं. बाईंनी लेकीला चार शब्द सुनावले असते, तिनं ऐकून घेतले असते, आणि बोटमास्तर बोटमास्तरच राहिले असते. अडतीस वर्षांचं नाव, आणि मोडायला एक वाक्य पुरे.

उन्हं उतरताना बाई आल्या. लेकीनं तोंड उघडलं. मास्तरांनी डावा हात वर करून तिला थांबवलं.

"बाई, ऐका," ते उभ्यानंच म्हणाले. "तुमच्या गाडीत दोष होता आणि मला तो कळला नाही. माझ्या उजव्या हाताला आठ महिने नीट काही कळत नाही. मला ठाऊक होतं, निदान संशय होता, आणि मी कुणाला बोललो नाही. म्हणून माझ्या लेकीला चोरून हवा भरायची वेळ आली, आणि ती हवा तुमच्या चाकांत राहिली. तिनं केलं ते माझ्यामुळे केलं. गाडी आता बरी आहे. तिनं शोधलं, तिनं दुरुस्त केलं. मी नुसता बसलो होतो."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "माझ्या कामात माझा हात चुकला तर मला कुणी हवा भरून देत नाही."

"नाही."

"त्या पोरीला मी कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलं. आता तिला काय सांगू?"

"माझं नाव सांगा. ती म्हणेल तेव्हा मी येऊन भेटेन."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्यांच्यापुढे धरली. "धरा. दोन्ही हातांनी. दाबा जोरात."

मास्तरांनी धरली.

"डावा पुरे. उजव्यानं दाबा."

"दाबतोय."

बाई थांबल्या. लेकीनं तोंड फिरवलं. मास्तरांच्या दंडाची शीर ताठ झाली होती, जबडा आवळला होता, आणि बाईंची बोटं त्यांच्या मुठीत नुसती पडून होती.

"बरं," बाई हळूच म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःची बोटं सोडवून घेतली. "सोमवारी दवाखान्यात या. मनगटात नस दबली असेल. सुटेल, नाहीही सुटणार. मी डॉक्टर नाही. पण आठ महिने म्हणजे फार झाले हो." त्यांनी किल्ली घेतली, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आणि तू," त्या लेकीला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. त्या दुसऱ्या वळणापर्यंत. तू शेजारी बसलीस तर मी चालवेन."

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

दोघी गेल्या. मास्तर आत आले आणि टेबलापाशी बसले. कामाची वही उघडली. कोणती गाडी, कुणाची, काय काम, केव्हा गेली, सगळं लेकीच्या टपोऱ्या अक्षरात. मागच्या थंडीपासून त्यांच्या बोटांनी सोडलेल्या गाड्या त्यांनी मोजल्या. एकोणीस. हवा लेकीनं बरोबर केली होती, पण त्यांतल्या कोणत्या सांध्यात काय धरत होतं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी फोन पुढे ओढला आणि डाव्या हातानं पहिला नंबर लावला. तो भाजी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याचा होता.

"काय मास्तर! आज स्वतः फोन? गाडी एकदम लोण्यासारखी चालते हो."

"ती परत घेऊन या. पुन्हा तपासायचीय."

"का? काय झालं?"

"तपासली तेव्हा माझ्या हाताला कळत नव्हतं. आठ महिने कळत नाहीये. मी बोललो नाही, ही माझी चूक."

"मग आता तपासणार कोण?"

"माझी लेक."

"तिला येतं?"

"काल तिनं पहिल्यांदा केलं," मास्तर म्हणाले, "आणि तिला कळलं."

"बरं. मग रविवारी आणतो."

"रविवारी नाही, उद्याच आणा. येताना वळणावर सावकाश या."

त्यांनी फोन ठेवला, पहिल्या ओळीपुढे पेन्सिलीनं खूण केली. डाव्या हाताची खूण वाकडी आली. मग दुसरा नंबर लावायला घेतला, मध्येच एक आकडा चुकला, आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.